विड्यानंतरची चाल

रेवदंडा,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९५९

चंदर,

वर आशीर्वाद घातलेले नाहीत. ते तुझ्या आईने, चंद्राबाईने, वेगळे सांगितले आहेत, ते तिच्याकडून घे. चार वर्षांत हे माझं पहिलं पत्र, आणि तेही चंद्राबाईने दौत माझ्यापुढे आणून आपटली म्हणून लिहितोय. "तुमी लिवल्याबिगर मी चुलीला हात लावनार न्हाय," म्हणाली. दुपारचे दोन वाजून गेले, घरात अजून भाकरी नाही.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. रेकॉर्ड शाबूत आहे. बनियनमध्ये गुंडाळून पाठवलीस ते बरं केलंस. बनियन आईने धुवायला टाकायचं सोडून उशाखाली ठेवलं आहे.

सोबतचं पत्र केसरने मोठ्याने वाचलं. मी पडवीत जाळं सांधत होतो, मला ऐकायचं नव्हतं, पण तुझ्या बहिणीचा आवाज तुला ठाऊक आहे. मुंबईच्या हॉटेलात तुमचा सोळा जणांचा बँड वाजत असताना, समोर माणसं बसलेली असताना, ही रेकॉर्ड भरली आणि तीत तुझा एकट्याचा तुकडा आहे, इथवर ठीक. पुढे तू लिहितोस, "बाबांनी ती ऐकून कशी वाटली ते स्वतःच्या हाताने लिहावं. तसं पत्र आलं तर केसरच्या लग्नाला येईन. नाहीतर माझी वाट बघू नका." बापाला अटी घालायला मुंबईत शिकवतात वाटतं.

लग्न वैशाखात आहे. मुलगा दिवेआगरचा, हरेश्वर नाव, स्वभावाने गरीब दिसतो. केसर म्हणते, "कानपिळीला भाऊ नसंल तर मी मांडवातनं उठंन." ती उठेल. माझ्यावर गेली आहे.

आता रेकॉर्डचं. आपल्याकडे ग्रामोफोन नाही, म्हणून ती बदरुद्दीनशेटकडे दिली. गुरुवारपासून रोज दिवेलागणीच्या आधी त्याच्या ओट्यावर माणूस मावत नाही. आपला ढोलवाला सदा जेवण सोडून जातो. आपली रीत तू विसरला नसशील. वाजवणारा मनात भरला की ऐकणाऱ्याने उठून विडा द्यायचा. विडा आला की बँडने थांबायचं, विडा कपाळाला लावायचा आणि पुढे नवी चाल धरायची. तर इथे तुला रोज विडे मिळतात. रेकॉर्डमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की बदरुद्दीन पिन उचलतो आणि म्हातारी काशी रोठा सुपारी घातलेला विडा ग्रामोफोनपुढे ठेवते. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगतात. विडा सदा खातो.

लोकांना फार आवडली आहे, हे कळावं.

आपला वरातीचा बँड चालू आहे. तुझ्या जागी अजून कोणाला उभं केलेलं नाही. माणूस मिळत नाही.

रावजी


रेवदंडा,
ता. २२ फेब्रुवारी १९५९

चंदर,

कार्ड मिळालं. "लोकांचं कळलं. तुमचं?" एवढ्यासाठी अख्खं कार्ड वाया घालवलंस. पत्ता मात्र सुवाच्य होता.

तर घे माझं मत. चाल एकंदर चांगली. ठेका जलद असूनही कुठे सुटत नाही. तुझा एकट्याचा तुकडा विशेष आहे. सूर भरदार, खालचा, जरासा घोगरा. वरून खाली घसरत आणतोस ती जागा ऐकणाऱ्याला धरून ठेवते. श्वास पुरतो, घाई नाही. पलटणीच्या बँडात आमचे जे मास्तर होते त्यांनी ऐकलं असतं तर मान हलवली असती. सदाचंही हेच म्हणणं आहे.

झालं तुझ्या मनासारखं? आता वैशाखात रजा काढ. केसरने तुझ्यासाठी मांडवातली कुठली कुठली कामं ठरवून ठेवली आहेत, मला सांगत नाही. आई कोलंबीचे सोडे वाळत घालते आहे, अर्धे तुझ्या नावाचे.

रावजी


रेवदंडा,
ता. ८ मार्च १९५९

चंदर,

तुझं पत्र काल आलं. केसरने आधी मनात वाचलं, मग माझ्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेली. त्यातलं इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी ते नीट वाचलं हे तुला कळेल.

"बाबा, तुम्ही ज्याची तारीफ केलीत तो सॅक्सोफोन आहे. आंतोन म्हणून आमचा एक गोवेकर दोस्त आहे, तो वाजवतो. माझा ट्रंपेटचा तुकडा त्याच्या टाळ्यांनंतर येतो. मला कॉर्नेट हातात धरायला ज्यांनी शिकवलं त्यांना सॅक्सोफोन आणि ट्रंपेट वेगळे ऐकू येत नाहीत, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. तुम्ही ऐकलीच नाहीत. लग्न चांगलं होऊ दे."

याच्याखाली मी तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचू नकोस. रागाच्या होत्या.

मी ऐकलेली नाही.

सदा रोज येऊन सांगायचा ते जुळवून लिहिलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? रेकॉर्डवर वाजतं ते सगळं त्याला चंदरचंच वाटतं. मी पाच-सहा प्रश्न विचारले, त्याने हातवारे करून उत्तरं दिली, आणि मी मास्तरकीच्या भाषेत ते कागदावर मांडलं. भरदार, घोगरा, हे शब्द त्याचे. श्वास पुरतो हे मी पदरचं घातलं.

वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो. पण बदरुद्दीनचा ओटा आपल्या अंगणातून दिसतो, हे तुला ठाऊक आहे. रेकॉर्ड सुरू झाली की मी उठून बंदरावर जात असे. वारा तिकडचा असला तर आणखी पुढे जात असे.

केसर संध्याकाळी बाहेर आली. "बाबा, तुमी खोटं लिवलंत?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एक कळत नाही. तुझा तुकडा टाळ्यांनंतर येतो म्हणतोस. सदा देवीची शपथ घेऊन सांगतो की टाळ्या झाल्या की रेकॉर्ड संपते. तुमच्यापैकी कोण चुकतंय ते बघायला उद्या मी स्वतः जातो.

रावजी


रेवदंडा,
ता. १० मार्च १९५९

चंदर,

काल गेलो होतो. आज सकाळपासून लिहायला बसलो आहे. दोन कागद फाडले.

मी ओट्याची पायरी चढलो तशी माणसं सरकून बसली. बदरुद्दीन उठला. "या मास्तर, तशरीफ ठेवा. महिना झाला, ही खुर्ची तुमच्याच नावानं खाली ठेवलीय," म्हणाला. बसलो. सदा माझ्याकडे बघेना. त्याला वाटलं मी त्याला रागावणार.

चावी दिली, पिन ठेवली. पहिल्यांदा तुमचा बँड नाही, तुमची माणसं ऐकू आली. खुर्च्या सरकतात, कोणी खोकतो, एक बाई हसते. पेले खणखणतात. दारूबंदीत पेल्यांमध्ये काय असतं ते मी विचारणार नाही. इथल्या लोकांना हे फार आवडतं. हसणारी बाई गोरी की आपली, यावर ओट्यावर दोन पक्ष पडले आहेत.

मग सोळा जण एकदम आले. चंदर, पलटणीत आम्ही बत्तीस होतो, पण आम्ही चालण्यासाठी वाजवायचो. पाय पडायला हवेत म्हणून सूर. तुमच्यात एक रांग विचारते आणि दुसरी उत्तर देते, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत तिसरीच मध्ये तोंड घालते. मला वाटलं आता हे भांडणार, पण ठेका त्यांना हाताला धरून पुढे नेत होता. मग एकजण पुढे झाला. पहिल्याच फुंकरीला कळलं, सॅक्सोफोन. आंतोनला माझा नमस्कार सांग. माणूस चांगला वाजवतो. पण मी जे तुझ्या नावावर लिहिलं होतं ते ऐकताना मान वर करवत नव्हती.

त्याचं झालं, टाळ्या पडल्या, आणि बदरुद्दीनने पिन उचलली. ओट्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. काशी विडा घेऊन उठली.

मी उठून तबकडी पाहिली. निम्म्याहून जास्त रेघा शिल्लक होत्या.

"शेट, पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं कसं वाजवायचं मास्तर? विडा पडला ना," बदरुद्दीन म्हणाला. "तुमचीच रीत हाय."

आतून पडद्यामागून त्याची बायको तैयबा बोलली, "मी पयल्या रोजापास्नं सांगतंय, अर्धी तबकडी बाकी र्‍हाते म्हनून. पन बायमानसाचं कोन ऐकतंय!"

एक महिना, चंदर. एक महिना सगळा गाव रोज जमून तुझं कौतुक करत होता, तुला विडे देत होता, आणि तू तोंड उघडायच्या आत तुला थांबवत होता. प्रेमाने थांबवत होता. कोणालाही हसू आलं असतं. मला आलं नाही, कारण ती रीत या गावात माझ्याइतकी कोणी पाळली नाही आणि पाळायला लावली नाही.

मी म्हटलं, पिन परत ठेवा, आणि शेवटपर्यंत उचलू नका. काशी म्हणाली, "रीत मोडतंय मास्तर." मी म्हटलं, मोडू दे.

टाळ्या पुन्हा पडल्या. पिन चालूच राहिली. टाळ्यांत कोणीतरी "चँडी!" म्हणून हाक मारली. ते नाव मी ठेवलेलं नाही, पण हाक मारणाऱ्याने मायेने मारली होती. त्यानंतर काहीच नाही. नुसता ड्रमवाला ब्रशने कातडं घासतोय. मला वाटलं तू चुकलास, तुझी जागा गेली. मी खुर्चीचा हात धरला. मग तुझा सूर आला, एकच, वरचा, मात्रेच्या किंचित मागून.

ही मात्रेच्या मागून येण्याची तुझी खोड. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला त्यावरून बोललो. ठेका पुढे जातो आणि हा मागून रमतगमत येतो, असं चारचौघांत हिणवलं. तिकडे पंधरा माणसं त्या सुरासाठी थांबली होती. तो येईपर्यंत कोणी हललं नाही.

मग तू चाल सोडून बाहेर गेलास. कुठे चाललास ते मला कळेना. मी मनात म्हणत होतो, फीर, पोरा, आता फीर, लांब गेलास. तू फिरलास, पण गेलास त्या वाटेने नाही. दुसरीकडूनच चालीत उतरलास आणि त्याच क्षणी सगळा बँड तुझ्या अंगावर येऊन पडला. मुंबईतली माणसं ओरडली, खुर्च्या मागे सरकल्या. ती उठून उभी राहिली असणार.

ओट्यावर कोणी टाळी वाजवली नाही. बदरुद्दीन पिन उचलायची विसरला, तबकडी संपून नुसती खरखर चालली होती. काशीच्या हातात विडा तसाच. कुठे ठेवावा तिला कळेना, म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. "तुमच्या पोराचा हाय, तुमी घ्या," म्हणाली. मी घेतला आणि घरी आलो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

चार वर्षांपूर्वी चौलच्या वरातीत नवऱ्याच्या आजीने, नीराबाईने, तुला विडा दिला. तू तो डाव्या हातात धरलास आणि तीच चाल पुढे वाजवत राहिलास. तुझ्या मनाचे सूर घालत, असाच लांब जात. वरात थांबली. मी मागे वळलो आणि घोड्यापुढे, सगळ्यांच्या देखत, तुझ्या तोंडातला कॉर्नेट ओढला. तुझा ओठ फुटला. रक्त मी पाहिलं. पाहूनही बँडला पुढची चाल धरायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तू रेवसहून लाँच धरलीस. फुंकवाद्य वाजवणाऱ्याला ओठ म्हणजे काय ते मला शिकवायला नको. किती दिवस तुला वाजवता आलं नसेल, याचा हिशोब मी चार वर्षं केला नाही. काल रात्री केला.

पोराने रीत मोडली, विडा देणारीचा मान गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईलाही तेच सांगितलं. खरं असं की तू जे वाजवत होतास ते मला येत नव्हतं. वीस वर्षं बँडच्या पुढे चाललो, आणि त्या दिवशी माझ्या मागून जे येत होतं ते माझ्या पुढचं होतं. ते मला सोसलं नाही. रेकॉर्ड ऐकली नाही तीही त्याचसाठी. तू वाईट वाजवलं असशील अशी खात्री असती, तर मी पहिल्याच दिवशी खुर्ची टाकून बसलो असतो.

चूक माझी होती. चौललाही, आणि त्यानंतर रोज.

तू मत मागितलंस. शेवटून दुसऱ्या सुरावर ओठ सैल पडला, सूर तसूभर उतरला. ते मी सांगणारच, त्याला इलाज नाही. बाकीचं असं आहे की ऐकताना मला लाज वाटत होती आणि आनंद होत होता, आणि यातलं कुठलं जास्त ते सांगता येत नाही. मी इतकं चांगलं आयुष्यात वाजवलेलं नाही.

रावजी


रेवदंडा,
ता. २९ मार्च १९५९

चंदर,

शिमगा झाला. तुझं पत्र नाही. आई रोज पोस्टमनला वाटेत गाठते. त्याने आता वाट बदलली आहे. मी त्याला काही विचारत नाही, नुसता पडवीत बसून असतो.

तू लिहिलं नाहीस याचा राग नाही. अट पुरी केली, आता तू आलंच पाहिजेस, असंही मी म्हणणार नाही. ओठ तुझा फुटला होता. पत्राने तो भरून आला की नाही ते तुला माहीत.

बदरुद्दीनकडे आता मधे पिन उचलत नाहीत. मी रोज जातो. तीन आठवड्यांत तुझा तुकडा मला तोंडपाठ झाला. परवा कॉर्नेटवर काढून बघितला, दार लावून. निघतो, पण आडवातिडवा. चंद्राबाई बाहेरून म्हणाली, "पोराचं ऱ्हाऊ द्या, तुमचं वाजवा." तेव्हापासून ऐकतोच नुसता.

काल बदरुद्दीनचा कोणी पाहुणा आला होता, मुंबईला हॉटेलात कामाला असतो. तो म्हणाला, ही मंडळी एकट्याचा तुकडा रोज वेगळा वाजवतात. आज वाजवला तो उद्या नाही. खरं का हे? मग तू जो रेकॉर्डवर आहेस तो एका संध्याकाळचा आहेस. मधल्या चार वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. मला रात्रभर त्याची हळहळ लागून राहिली.

म्हणून मी येतोय. येत्या शनिवारी, ४ तारखेला, सकाळच्या एस.टी.ने अलिबाग, तिथून रेवस, आणि लाँचने भाऊच्या धक्क्याला. केसरला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी तुला लग्नासाठी ओढून आणायला निघालोय. तसं नाही. लग्नाचं तुझं तू ठरव, मी त्याबद्दल तोंड उघडणार नाही. हे ऐकून ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. पलटणीचा कोट पेटीतून काढून तिने त्याला दोन बटणं लावून दिली.

कोट नसेल तर तुमच्या हॉटेलात आत घेत नाहीत म्हणे. कोट असूनही घेतलं नाही, तर मागच्या बाजूला जिथे भांडी घासतात तिथे उभा राहीन. तिथवर ऐकू येत असेल ना? तू वाजवताना माझ्याकडे बघू नकोस. झालं की पुढच्या लाँचने परत जाईन. तुला बोलायचं नसेल तर न बोलता जाईन.

हॉटेलाचं नाव बदरुद्दीनने मला मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिलं आहे. धक्क्यावर आलास तर बरं. नाही आलास तर मी विचारत विचारत येईन.

बाबा